हिरवा बिल्ला की निळा?

प्रिय मावशी,

मी २९ वर्षांची. नऊ वर्षांची असताना आईबाबांबरोबर सांगलीहून अमेरिकेत आले, कॉलेजात असताना इथली नागरिक झाले. गेली चार वर्षं पगार एका खासगी कंपनीचा घेते, पण रोज जाऊन बसते ती उत्तर व्हर्जिनियातल्या एका सरकारी गुप्तवार्ता कार्यालयात, विश्लेषक म्हणून. गळ्यात हिरवा, म्हणजे कंत्राटी बिल्ला. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीचा निळा, म्हणजे सरकारी. काम दोघींचं जवळपास सारखंच. आता त्याच कार्यालयाने मलाही निळा बिल्ला देऊ केलाय. आजचा पगार १ लाख ३१ हजार डॉलर. सरकारी देकार वेतनश्रेणीतल्या ग्रेड १२, पायरी पहिलीचा, म्हणजे २०२५ च्या तक्त्याप्रमाणे १ लाख १ हजार ४०१.

बाबा म्हणतात, सरकारी ती सरकारी, डोळे मिटून हो म्हण. दादा म्हणतो, वर्षाला तीस हजार कोण सोडतं, आणि सरकारी नोकऱ्यांचं काय झालं ते बघितलंस ना? वर हेही ऐकवतो की अमेरिकेची गुपितं फोडणाऱ्या स्नोडेननंतर कंत्राटी माणसावर कुणाचा विश्वास उरलेला नाही. मग नक्की करू काय? आईचा प्रश्न तिसराच. नाशिकच्या एका मुलाचं स्थळ आलंय, तो इथे एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर आहे. सरकारी झालीस तर लग्नाला परवानगी लागेल का, असं ती विचारते. त्यात आजोबांच्या मृत्युपत्रामुळे मिरजेजवळच्या शेताच्या सातबाऱ्यावर माझंही नाव लागलंय. दहा दिवसांत उत्तर द्यायचंय.

– दोन बिल्ल्यांच्या मध्ये अडकलेली, उत्तर व्हर्जिनिया

अगं,

आधी एक गोष्ट. तुझ्या पत्रातल्या तीन ओळी मी छापायच्या आधीच खोडल्या. कार्यालयाचं नाव, तू बसतेस तो विभाग, आणि कामाला कोणतं सॉफ्टवेअर वापरता ते. त्यात फार मोठं गुपित होतं असं नाही, पण ही माहिती सदरात लिहून पाठवायची नसते. सीआयए तर नुसता अर्ज करणाऱ्यालाही बजावते की याची वाच्यता करू नकोस. आणि आपल्याकडे? मंडळाच्या गणपतीत, मोदकांच्या रांगेत उभी असताना, ‘आमची लेक लँग्लीला असते’, म्हणजे सीआयएच्या मुख्यालयात, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. तेव्हा बाबांनाही जरा समजावून सांग.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की अकरा वर्षं मी हिरवा बिल्ला घातला आणि त्यानंतर निवृत्त होईपर्यंत निळा. कुठे, ते विचारू नकोस. दोन्हीकडचं अन्न खाल्लंय, त्यामुळे दोन्हीकडचा राग आणि लोभ माझ्या लिहिण्यात उतरणार, हे धरून चाल.

तुझ्या बाबांपासून सुरुवात करू, कारण त्यांची चूक मला कळते. ‘कंत्राटी’ हा शब्द त्यांच्या कानात सांगलीचा वाजतो. कंत्राटी शिक्षक, कंत्राटी नर्स, निम्म्या पगारात तेच काम, आणि वर्ष संपलं की पुन्हा साहेबांच्या दाराशी. २०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने खासगी एजन्सींमार्फत भरतीचा निर्णय काढला तेव्हा केवढी ओरड झाली, आणि पुढच्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला. ती ओरड रास्तच होती. पण इथे वॉशिंग्टनला, पोटोमॅक नदीकाठी, हा शब्द उलटा चालतो. इथे कंत्राटी माणूस सरकारी माणसापेक्षा जास्त कमावतो आणि सरकारला त्याच्याहून कितीतरी महाग पडतो. २००८ साली राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांच्या कार्यालयाने स्वतःच हिशेब सांगितला होता. एक सरकारी कर्मचारी सगळ्या खर्चासकट वर्षाला सुमारे १ लाख २५ हजार डॉलरला पडतो, तर त्याच्या शेजारचा कंत्राटी सुमारे २ लाख ७ हजारांना. मधले सगळे पैसे त्या माणसाच्या खिशात जातात असं समजू नकोस. पुण्या-बंगळुरूत आयटीत काम केलेल्या कुणालाही विचार, बिलिंग रेट (कंपनी ग्राहकाकडून घेते तो दर) आणि पगार यांच्यातलं अंतर म्हणजे काय ते सांगेल. बेंच, क्लायंट साइट, बिलेबल तास हे शब्द आपल्या लोकांना तोंडपाठ आहेत. हा धंदा त्याच जातीचा आहे, फक्त खोलीला खिडक्या नसतात.

एवढी कंत्राटी माणसं आली कुठून? शीतयुद्ध संपल्यावर १९९० च्या दशकात या संस्थांनी माणसं कमी केली, भरती गोठवली. मग ११ सप्टेंबर २००१ उजाडला आणि एका रात्रीत माणसं हवीशी झाली. सरकारी भरतीला वर्ष-दीड वर्ष लागतं. कंपनीकडे क्लिअरन्सवाली, म्हणजे गुप्त माहिती बघायची परवानगी असलेली, माणसं तयार होती. त्यातली कितीतरी तर कालपर्यंत सरकारातच होती. राजीनामा देऊन शुक्रवारी निळा बिल्ला परत करायचा आणि सोमवारी हिरवा घालून त्याच खुर्चीत यायचं, जास्त पगारावर. हे इतकं माजलं की २००७ मध्ये सीआयएचे तेव्हाचे संचालक मायकेल हेडन यांनी कंत्राटी माणसं दहा टक्क्यांनी घटवायचं ठरवलं. शिवाय, निवृत्तीआधी नोकरी सोडणाऱ्याला दीड वर्ष कंत्राटी म्हणून परत आत येता येणार नाही, असा नियम केला. आपण माणसं घडवायची आणि कंपन्यांनी ती पळवायची, हे त्यांना बोचत होतं. २०१० मध्ये वॉशिंग्टन पोस्टने मोजणी केली तेव्हा ‘टॉप सीक्रेट’ क्लिअरन्स असलेल्या अंदाजे ८ लाख ५४ हजार माणसांत २ लाख ६५ हजार कंत्राटी निघाले. म्हणजे तू काही कोपऱ्यातली तडजोड करत नाहीयेस, घराचा जवळपास तिसरा हिस्सा याच विटांचा बांधलाय.

आता दादाचे तीस हजार.

तुला आज १ लाख ३१ हजार मिळतात ते कशामुळे, हे कधी विचारलंस? तुझी कंपनी ज्या कंत्राटावर तुला बसवते त्याची साधारण रचना अशी असते: एक मूळ वर्ष आणि पुढे चार ऐच्छिक वर्षं, जी सरकार दरवर्षी उचलेल किंवा उचलणार नाही. पाच वर्षं संपली की रिकम्पीट, म्हणजे पुन्हा निविदा. तू चार वर्षं तिथे आहेस. तू आलीस तेव्हा कंत्राटाचं कितवं वर्ष चालू होतं, ते आधी शोधून काढ. हा प्रश्न पगाराच्या आकड्याहून महत्त्वाचा आहे आणि तुझ्या पत्रात तो नाही.

माझ्या आठव्या वर्षी आमच्या कंपनीने काम गमावलं. बातमी गुरुवारी कळली. पुढच्या सोमवारी जिंकणाऱ्या कंपनीची एक बाई कॅन्टीनच्या कोपऱ्यात टेबल मांडून बसली आणि आम्हाला एकेकाला बोलावून नवा आकडा सांगू लागली. माझा नवा आकडा जुन्यापेक्षा नऊ हजारांनी कमी होता. मी म्हटलं, विचार करते. ती गोड हसून म्हणाली, जरूर करा, शुक्रवारपर्यंत. कमी बोली लावून त्यांनी कंत्राट जिंकलं होतं. ती कमी कुठून तरी भरून निघायला हवी होती, ती आमच्यातून निघाली. खुर्ची तीच, स्क्रीन तोच, फोन ठेवायचा लॉकरही तोच. पगारपत्रकावरचं बोधचिन्ह बदललं आणि साठवलेली रजा शून्यावर आली. त्या वर्षी मी आईच्या वर्षश्राद्धाला कोल्हापूरला जाऊ शकले नाही.

अशी झळ रोजच्या जगण्यातही लागते. वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडलं आणि सरकारने कार्यालयं बंद केली की निळ्या बिल्ल्याला त्या दिवसाचा पगार मिळतो. हिरव्याला इमारतीत शिरता येत नाही म्हणजे तास लावता येत नाहीत, मग स्वतःची रजा घाल नाहीतर बिनपगारी बस. घरून काम करायची सोय या कामात नाही, हे तुला सांगायला नको. संसदेने खर्च वेळेत मंजूर केला नाही आणि सरकारचा पैसाच अडला तर आणखी पंचाईत. २०१३ च्या शटडाउनमध्ये तेव्हाचे राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक जेम्स क्लॅपर यांनी सिनेटला सांगितलं होतं की गुप्तवार्ता खात्यांतल्या सुमारे ७० टक्के नागरी कर्मचाऱ्यांना घरी बसवलंय. २०१९ च्या कायद्याने सरकारी माणसाला अशा दिवसांचा पगार मागाहून देणं बंधनकारक झालं. कंत्राटी माणसाला तसं कसलंही कायदेशीर आश्वासन नाही. त्याच्या कंत्राटात आधीच पैसे भरलेले असले आणि इमारत उघडी असली तर तो तरतो. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५, असं ४३ दिवसांचं बंद आपण सगळ्यांनीच पाहिलं. तुझे त्यातले किती दिवस भरून आले, ते तू मला लिहिलं नाहीस.

हे सगळं वाचून बाबा म्हणतील, ‘बघ, मी काय म्हणत होतो!’ तर त्यांनाही थांबव. सरकारी म्हणजे कायमची, हे गृहीतक २०२५ मध्ये मोडलं. २८ जानेवारीला ‘राजीनामा द्या आणि सप्टेंबरपर्यंत पगार घ्या’ अशी ईमेल सरकारभर गेली, फेब्रुवारीत सीआयएच्या लोकांपुढेही तोच पर्याय आला, आणि ज्यांची नोकरी नवी होती त्या परिविक्षाधीन लोकांवर सगळीकडे पहिली कुऱ्हाड पडली. गुप्तवार्ता संस्थांत ही परिविक्षा बहुधा दोन वर्षांची असते. शिवाय इतर खात्यांतल्या कर्मचाऱ्याला बडतर्फीविरुद्ध दाद मागायचे जे नेहमीचे मार्ग असतात, ते या संस्थांत बऱ्याच अंशी बंद असतात. म्हणजे निळा बिल्ला घातल्यावर पहिली दोन वर्षं तू आजच्याहून जास्त उघड्यावर असशील. हिरव्यांचंही त्या वर्षी काही बरं गेलं नाही. मे महिन्यात बूझ अॅलन हॅमिल्टन या बड्या कंत्राटदार कंपनीने अडीच हजारांच्या आसपास माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. दादाचं म्हणणं अर्धं खरं आहे. सुरक्षितता हवी म्हणून निवडायचं असेल तर दोन्हीपैकी काहीच निवडू नकोस, सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत ठेव. तो तसाही ठेवच.

मग मी कशावर निवडायला सांगते? तुझ्याच पत्रातलं ते वाक्य बघ: ‘काम दोघींचं जवळपास सारखंच.’ तिथे मी थबकले. मलाही अकरा वर्षं असंच वाटायचं.

काही कामं ‘मूलतः सरकारी’ आहेत आणि ती खासगी माणसाकडे देता येत नाहीत, असं सरकारी खरेदीचे नियम सांगतात. त्या यादीत गुप्तवार्ता आणि प्रतिगुप्तवार्ता मोहिमांचं दिग्दर्शन आणि नियंत्रण स्पष्ट लिहिलेलं आहे. २०११ मध्ये या व्याख्येवर नवं धोरणपत्रही निघालं. कागदावर हे रुक्ष वाटतं. खोलीत ते असं दिसतं: अहवाल तू लिहितेस, त्यावर ‘पाठवा’ म्हणणारा निळा असतो. पुढच्या वर्षी कशावर लक्ष ठेवायचं, कोणत्या प्रश्नाला माणसं द्यायची, कोणता प्रश्न सोडायचा, हे जिथे ठरतं तिथे तू सल्ला देऊ शकतेस, हात वर करू शकत नाहीस. बैठक रंगात आलेली असते, आणि कुणीतरी घसा खाकरून म्हणतं, ‘आता पैशांचं बोलायचंय, कंत्राटी मंडळींनी जरा बाहेर थांबावं.’ मग आम्ही चौघीजणी कॉरिडॉरमध्ये, हातात फोनही नाही, भिंतीवरची सुरक्षेची पोस्टर्स वाचत. ज्या विषयावर त्या इमारतीत माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, त्या विषयाचं काय झालं ते मला दार उघडल्यावर कळायचं. एकदा दार उघडलं तेव्हा विषय बंद झाला होता. कारण विचारलं तर ते मला सांगता येण्यासारखं नव्हतं.

मी त्या वर्षी बिल्ला बदलला. पगार किती कमी झाला ते यांना सहा महिने नीट सांगितलंही नव्हतं.

पण निळा झाल्यावर सगळं गोड झालं, असं लिहिलं तर ती लबाडी होईल. दोन वर्षांत मी स्वतः विश्लेषण करणं कमी आणि दुसऱ्यांचे अहवाल तपासणं जास्त करू लागले. कुणाची वार्षिक मूल्यांकनं, कुणाच्या कंत्राटावर देखरेख, सक्तीची प्रशिक्षणं, आणि कामचुकार माणसाला काढणं सोपं नसतं म्हणून त्याच्या भोवतीनं काम वाहून नेणं. तुला जर खोलात जाऊन एकाच गोष्टीत पारंगत व्हायचं असेल, कोड लिहायचा असेल, उपग्रहाच्या प्रतिमांत मान घालून बसायचं असेल, आणि बैठकीत कोण काय म्हणालं याच्याशी देणंघेणं नसेल, तर हिरव्यात राहा. ते काम हिरव्यांनाच जास्त करायला मिळतं आणि त्याचे पैसेही चांगले मिळतात. त्यात कमीपणा काही नाही. आमच्याकडचे दोन सगळ्यात हुशार अभियंते शेवटपर्यंत हिरवेच राहिले, आणि बैठकीबाहेर काढलं की ते आनंदाने कॉफी प्यायला जायचे.

तुझं पत्र वाचून मला तू त्यांच्यातली वाटली नाहीस. ‘आम्ही लिहितो आणि पुढे काय होतं ते कळतच नाही’ हे तू दोनदा लिहिलंयस. (ती ओळही मी छापलेली नाही.) म्हणून माझं मत: घे. पण आलेला देकार जसाच्या तसा घेऊ नकोस.

पहिली पायरी हा सरकारचा सुरुवातीचा भाव आहे, भाजीवाल्याचा असतो तसा, आणि आपली माणसं भाजीवाल्याशी घासाघीस करतात पण सरकारी कागद दिसला की सही करून मोकळी होतात. बाहेरून येणाऱ्या माणसाची पात्रता वरचढ असेल तर त्याला वरची पायरी देता येते, अशी सोय नियमांतच आहे. २०२५ च्या वॉशिंग्टन परिसराच्या तक्त्यात ग्रेड १२ ची दहावी पायरी जवळपास १ लाख ३२ हजारांवर जाते. बघितलंस? तुझा आजचा पगार त्याच ग्रेडच्या शेवटच्या पायरीवर उभा आहे. दहावी मिळणार नाही, पण पगाराच्या पावत्या जोडून, चार वर्षांच्या कामाचं नेमकं वर्णन करून पाचवी-सहावी मागायला काय हरकत आहे? हे सगळं रुजू व्हायच्या आधी लेखी व्हायला हवं. रुजू झाल्यावर ती खिडकी बंद होते, आणि कुणी कितीही भला साहेब असला तरी उघडत नाही. त्याच पत्रात रजेचंही माग. नव्या कर्मचाऱ्याला वर्षाला १३ दिवस वार्षिक रजा मिळते, तीन वर्षांनंतर २०. आधीचा खासगी अनुभव संबंधित असेल तर तो धरून थेट २० वर नेता येतं. सांगलीला जाऊन यायचं तर या सात दिवसांची किंमत तुला मी सांगायला नको. तुमच्या संस्थेचे स्वतःचे पगारनियम थोडे वेगळे असू शकतील, म्हणून आधी मनुष्यबळ विभागाला नुसतं विचार: हे तुमच्याकडे चालतं का?

आणि तिसरं, हे विसरू नकोस. या जागेची बढती ग्रेड १३ पर्यंत स्पर्धेशिवाय होते का? तशी शिडी असेल तर साधारण वर्षभराच्या चांगल्या कामानंतर १३ मिळू शकते, आणि १३ ची पहिली पायरी २०२५ च्या तक्त्यात १ लाख २० हजार ५७९ आहे. मग दादाचे तीस हजार साडेदहा हजारांवर येतात. शिडी नसेल तर माझा सल्ला डळमळीत होईल. १२ वर पाच वर्षं अडकून पडण्यासाठी एवढी मोठी कपात कशाला सोसायची?

पेन्शनचं बाबांना फार कौतुक असेल, म्हणून तेही सांगते. आता रुजू होणाऱ्याच्या पगारातून ४.४ टक्के त्यासाठी कापले जातात. सूत्र साधं आहे: सर्वांत जास्त पगाराच्या सलग तीन वर्षांची सरासरी, तिचा एक टक्का, गुणिले नोकरीची वर्षं. पाच वर्षं झाली की हक्क पक्का होतो. पाच वर्षं राहून १ लाख १० हजारांच्या सरासरीवर सोडलीस तर बासष्टाव्या वर्षापासून वर्षाला साडेपाच हजार डॉलर. त्यावर कुणी म्हातारपण काढत नाही. तीस वर्षं राहिलीस तर गोष्ट निराळी, आणि निवृत्तीनंतरही टिकणारा आरोग्यविमा हा तर पेन्शनहून मोठा दागिना; पण एकोणतिसाव्या वर्षी तीस वर्षांचा हिशेब मांडू नकोस. पाच वर्षांचा मांड. पाच वर्षांनी हिरवं व्हावंसं वाटलं तर त्या दाराने परत जाता येतं, आणि निर्णय कसे होतात हे आतून पाहिलेल्या माणसाला कंपन्या चार पैसे जास्तच देतात. उलट प्रवास अवघड जातो. घराचे हप्ते, मुलांचं पाळणाघर सुरू झालं की तीस हजारांची कपात कुणाला परवडत नाही. तुझ्या डोक्यावर आज कर्ज नाही, म्हणून आत्ता.

स्नोडेनचं थोडक्यात. २०१३ मध्ये तो बूझ अॅलनचा माणूस होता हे खरं, तिथे त्याला तीन महिनेही झाले नव्हते. पण त्याआधी तो सीआयएत सरकारी नोकरीतही होता, हे दादाला माहीत आहे का? रशियाला गुपितं विकणारा ऑल्ड्रिच एम्स, ज्याला १९९४ मध्ये पकडलं, तो सीआयएचा जुना कर्मचारी. २००१ मध्ये त्याच गुन्ह्यासाठी पकडलेला रॉबर्ट हॅन्सन एफबीआयचा. दोघांच्या बिल्ल्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तुझ्याकडे कुणी बिल्ल्याच्या रंगावरून संशयाने बघत असेल तर तो त्या माणसाचा आळस आहे. याच विषयातला एक फरक मात्र सांगण्याजोगा आहे. कामाच्या ठिकाणी काही चुकीचं दिसलं आणि ते योग्य मार्गाने कळवलं, तर सूडापासून संरक्षण देणारं २०१२ चं राष्ट्राध्यक्षांचं निर्देशपत्र कंत्राटी लोकांना पूर्णपणे लागू नव्हतं. ते संरक्षण त्यांना कायद्याने मिळालं जानेवारी २०१८ मध्ये. म्हणजे तिथे आता फार अंतर उरलेलं नाही.

बिल्ला बदलल्यावर पहिलं वर्ष जुन्या कंपनीशी जपून वाग. ज्या बाबीत ती कंपनी पक्षकार आहे, तिथे वर्षभर तू निर्णयात असता कामा नये. शंका आली तर नीतिविषयक सल्लागाराला आधी विचार. दिवाळीला जुने सहकारी फराळाचा डबा आणतील. एका वेळी वीस डॉलर आणि एका स्रोताकडून वर्षाला पन्नास डॉलर ही भेटवस्तूंची मर्यादा आहे. चकल्यांचा भाव लावत बसावं लागणं हास्यास्पद आहे खरं, पण मी लावलाय.

आता आईला सांग की स्थळाचा आणि बिल्ल्याच्या रंगाचा संबंध तिला वाटतो तेवढा नाही. परदेशी नागरिकाशी जवळीक वाढली, एकत्र राहायचं ठरलं, लग्न ठरलं, तर ते सुरक्षा अधिकाऱ्याला कळवायचं बंधन तुझ्यावर आजही आहे, हिरव्या बिल्ल्यावर. तसंच भारतात जाणं-येणंही. काही संस्था त्यावर आपले जादा नियम लावतात, ते देकार स्वीकारण्याआधी विचारून घे. मुलगा एच-वन-बीवर आहे म्हणून नकार येतो असं काही नाही. लपवलं म्हणून मात्र क्लिअरन्स गेलेली माणसं मी पाहिली आहेत. तेव्हा दोघांचं जमतंय असं वाटलं की होणाऱ्या सासूच्या आधी सुरक्षा अधिकाऱ्याला कळलेलं बरं. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत देतो ते) असेल तर तेही अर्जात लिही.

राहिला सातबारा. परदेशातली मालमत्ता, वारशाने आलेली असली तरी, क्लिअरन्सच्या अर्जात लिहावी लागते. गेल्या वेळी तू अर्ज भरलास तेव्हा आजोबा हयात असतील, म्हणून तिथे काही नसेल. आता आहे. देकार घे किंवा सोड, हे याच आठवड्यात कळव. त्या शेताच्या भाड्याचे किंवा उसाच्या बिलाचे पैसे तुझ्या नावावर भारतातल्या एखाद्या एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात जमा होत असतील तर तेही सांग. (आपल्याला एनआरओ म्हटलं की बँकेतलं खातं आठवतं, उत्तर व्हर्जिनियातल्या शँटिलीला ते अमेरिकेच्या हेरगिरी उपग्रहांचं सरकारी खातं आहे. पहिल्या मुलाखतीत मी ‘माझं एनआरओमध्ये खातं आहे’ असं सरळ सांगून टाकलं होतं, आणि समोरच्या माणसाचं पेन थांबलं होतं.)

काकांकडून ताज्या उताऱ्याची प्रत मागवून घे आणि तुझं नाव, वडिलांचं नाव, हिस्सा नीट लिहिलाय का ते स्वतः वाच. माझ्या उताऱ्यावर तलाठ्याने माझं माहेरचं नाव ठेवलं होतं आणि त्याखाली सासरच्या नावाने दुसरी नोंद केली होती. आम्ही दोघी एकच आहोत हे तपासनिसाला पटवायला मला पाऊण तास लागला.

– मावशी